वाळूजच्या कंपन्यांना एका पाळणाघरातून खुलं पत्र

प्रति,
वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचे मालक, प्लांट हेड, एचआर विभागाचे प्रमुख आणि कामगार पुरवणारे ठेकेदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या बजाजनगरमध्ये पाळणाघर चालवते. घराच्या खालच्या दोन खोल्या आणि पुढचा पत्र्याखालचा ओटा, एवढ्या जागेत सध्या तेवीस मुलं आहेत. सगळ्यांत धाकटं सात महिन्यांचं, सगळ्यांत मोठी मुलगी साडेपाच वर्षांची. त्यांच्या आया तुमच्याकडे कामाला येतात. कोणी वायरिंगच्या लाइनवर आहे, कोणी पॅकिंगला, कोणी क्वालिटीत भिंग लावून पार्ट तपासते, दोघी तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात. सकाळी साडेसहाला मी दार उघडते, कारण सातची पाळी गाठायची असते. तुमच्या गेटवर त्यांची हजेरी लागते त्याच्या अर्धा तास आधी त्यांची मुलं माझ्या कडेवर आलेली असतात. म्हणून तुमच्याशी बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी धरून चालते.

हे पत्र लिहायचं कारण एक नोटीस आहे. त्याआधी काय झालं ते सांगते.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. सव्वादोन वर्षांची एक मुलगी सकाळी आली तेव्हाच तिचं अंग कोमट लागत होतं. आई म्हणाली, "काकू, रात्री कणकण होती, औषध दिलंय, आता उतरलाय." मला दिसत होतं की उतरलेला नाही. तिलाही ते कळत होतं. पण त्या महिन्यात तिचे दोन खाडे झाले होते आणि तिसऱ्या खाड्याला हजेरी बोनस पूर्ण जातो. तिच्या पगारात त्या बोनसचं म्हणजे महिन्याच्या किराण्याचं गणित असतं. मी मुलीला घेतलं आणि आईला जा म्हटलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी मुलीला तापाची आकडी आली. डोळे वर गेले, दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळाकडे बघायचं, हे मला एका बालरोगतज्ज्ञांनी पूर्वी शिकवलेलं आहे. तीन मिनिटांत आकडी गेली. ती तीन मिनिटं केवढी होती ते मी इथे लिहू शकत नाही. माझ्या मदतनीस मावशींवर बाकीची मुलं सोपवून मी रिक्षाने मुलीला दवाखान्यात नेलं.

रिक्षातूनच आईला फोन लावला. फोन लॉकरमध्ये, कारण लाइनवर मोबाइल न्यायला बंदी आहे. ती बंदी मला मान्य आहे, मशीनवर हात जाऊ शकतो. मग कंपनीच्या गेटवर फोन केला. सिक्युरिटीने नाव, कार्ड नंबर, विभाग सगळं विचारून रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि म्हणाला, "निरोप देतो." मी तीनदा फोन केला. तीनदा तेच उत्तर. वडील त्या दिवशी गाडी घेऊन नागपूरच्या वाटेवर होते. आईला निरोप मिळाला साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत. जवळपास दोन तास तिची मुलगी दवाखान्यात होती आणि ती शंभर पावलांवरच्या गेटमध्ये लिहून ठेवलेल्या एका ओळीपासून अनभिज्ञ राहून पार्टला क्लिपा लावत होती.

मुलगी आज ठणठणीत आहे. आईने दुसऱ्या दिवशी एचआरला जाऊन जाब विचारला. भांडली नाही, विचारलं. आठ दिवसांनी बोर्डावर नोटीस लागली: पाळणाघर, शाळा वगैरेंचे निरोप फक्त सुट्टीच्या वेळेत दिले जातील आणि लहान मुलं असलेल्या महिला कामगारांनी मुलांच्या देखभालीची पर्यायी व्यवस्था केली असल्याचं लेखी द्यावं. त्या कागदावर माझ्याकडच्या अकरा आयांनी सही केली, कारण सही न करणारीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणतील ही भीती होती. दिवाळीनंतर तसाच कागद वसाहतीतल्या आणखी दोन कंपन्यांत आला.

मी कंपन्यांची नावं लिहिणार नाही. ज्यांची आहे त्यांना नोटीस ओळखू येईल, आणि नाव लिहिलं तर त्याचा त्रास मला होणार नाही, त्या अकरा जणींना होईल.

आता मी कोण, तेही सांगायला हवं. १९९८ मध्ये मी याच वसाहतीत पॅकिंगला होते. मुलगा आठ महिन्यांचा झाला, सासूबाई गावाकडे परभणीला, इथे आमचं कोणी नाही. महिनाभर शेजारणीकडे ठेवला. एके दिवशी कामावरून आले तर तो पाळण्यात ओला, रडून रडून आवाज बसलेला. शेजारणीची चूक नव्हती, तिला स्वतःची तीन होती. मी नोकरी सोडली. पुढे त्याच गल्लीतल्या एका मुलीने विचारलं, माझ्या बाळाला सांभाळाल का, आणि तिथून हे पाळणाघर सुरू झालं. म्हणजे ज्या अडचणीने माझं काम गेलं तीच अडचण सोडवायला मी इतकी वर्षं बसले आहे, आणि अजून दर वर्षी माझ्या वहीत अशा बायकांची नावं येतात ज्यांनी मूल की नोकरी या प्रश्नात नोकरी सोडली. गेल्या वर्षी सात जणी. त्यातल्या चार जणी तुमच्याकडे तीन वर्षांहून जास्त टिकलेल्या, हात बसलेल्या कामगार होत्या. "बायका टिकत नाहीत" असं तुम्ही सभांमधून म्हणता ते माझ्या कानावर येतं. त्या का टिकल्या नाहीत हे मला कोणी विचारलं असतं तर प्रत्येकीचं कारण मी तारखेसह सांगितलं असतं.

माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली अर्थात निरोपाची. त्याबद्दल वर लिहिलंच आहे. लाइन थांबवा असं मी म्हणत नाही. एका बाईच्या जागी पाच मिनिटं रिलीव्हर उभा करता येतो, तो लघवीला जातानाही करताच. याच वसाहतीत पंचवीस-तीस माणसांचं एक वर्कशॉप आहे. तिथल्या मालकांनी गेटवर एक वेगळा मोबाइल ठेवला आहे, फक्त घरच्या निरोपांसाठी. मी फोन केला की पाच मिनिटांत आई किंवा बाप लाइनवर असतो. गेल्या दीड वर्षात मी त्या नंबरवर चार वेळा फोन केला आहे, त्याहून जास्त नाही. आम्ही उगीच फोन करत नाही हो. तीन-चार मुलांना एकदम खोकला झाला तरी आम्हीच काढा करून वेळ मारून नेतो.

दुसरी पाळीची. पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते, कधी कधी रविवारी रात्री. सकाळची पाळी असलेल्या बाईला सोमवारपासून दुपारी साडेतीनची पाळी लागते, ती रात्री बाराला सुटते. माझं पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होतं. मग ती बाई रविवारी रात्री दहाला मला फोन करते आणि तिचा आवाज ऐकूनच मला कळतं. काही वेळा मी रात्री मूल माझ्याकडे ठेवून घेतलं आहे. रात्री साडेबाराला कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते, तिथून ती अंधारात चालत येते आणि झोपलेलं मूल खांद्यावर टाकून पुन्हा चालत जाते. आता बाईला तिच्या संमतीने रात्रपाळीला घ्यायची मोकळीक कायद्याने दिली आहे. मला त्यात गैर वाटत नाही, कित्येकींना रात्रीचा जादा पैसा हवा आहे. पण संमतीच्या ज्या कागदावर ती सही करते, त्यात गाडीची ओळ आहे, सुरक्षेची ओळ आहे आणि मूल कुठे झोपेल याची एकही ओळ नाही.

तिसरी गोष्ट बोलायला बायका संकोचतात, म्हणून मी लिहिते. सव्वीस आठवड्यांची रजा संपून बाई कामावर येते तेव्हा बाळ सहा महिन्यांचं असतं. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत दूध चालू ठेवा, असं सरकारी दवाखान्यातली सिस्टर प्रत्येकीला सांगते, भिंतीवर तसं पोस्टरही असतं. इकडे कामावर दहा-साडेदहाला छाती भरून येते. दुखतं, गाठी होतात, अंगावर ओल उतरते, ताप भरतो. कारखान्यात जागा नसते. ती संडासात जाते आणि दूध पिळून पाण्यात सोडते. बाहेर दार वाजवायला दुसरी उभी असते. सुपरवायझर विचारतो, एवढा वेळ का लागला. इथे मी त्या बाळाला नाचणीसत्त्व भरवत असते आणि ते मान फिरवून माझ्या पदरात तोंड खुपसून शोधत असतं. एक पडदा, एक खुर्ची, हात धुवायला बेसिन आणि छोटा फ्रिज, एवढ्याची किंमत तुमच्या कँटीनच्या एका दिवसाच्या खर्चाहून फार जास्त होईल असं मला वाटत नाही.

चौथी बापांची. माझ्या प्रवेशाच्या फॉर्मवर मी बापाचा नंबर आधी लिहून घेते. मुद्दाम. पण बापाने अर्धा दिवस मागितला तर त्याला विचारतात, "बायको काय करते?" बायको त्याच वेळी शेजारच्या कंपनीत तोच अर्धा दिवस मागत असते. एक बाप, उत्तम वेल्डर आहे, नऊ महिन्यांच्या मुलाला गोवर-रुबेलाचा डोस द्यायला न्यायचं म्हणून रजा मागत होता, तर त्याला विभागातल्या लोकांसमोर बोलणी खावी लागली. पुढच्या वेळी त्याने खोटं सांगितलं, मामाच्या दहाव्याचं कारण दिलं. मुलाच्या लसीसाठी सुट्टी मिळत नाही आणि दहाव्यासाठी मिळते, यावर तुम्ही एकदा शांतपणे विचार करावा अशी माझी विनंती आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. कायदा नाही म्हणून देताच येत नाही असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

आणि पाचवी, जी मला सगळ्यांत जास्त टोचते: मोजणी.

"आमच्याकडे पाळणाघर लागत नाही, एवढ्या बायका नाहीत," हे वाक्य मी स्वतः दोन एचआर साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे. माझा भाचा वकिली करतो, त्याच्याकडून मी कलमं वाचून घेतली. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं होतं. बायका मोजायची सवय तिथून लागली असणार. पण २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात सुधारणा झाली, कलम ११-अ आलं, आणि १ जुलै २०१७ पासून नियम असा झाला की पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे ठरलेल्या अंतरात पाळणाघराची सोय हवी. पन्नास कर्मचारी. त्यात बायका किती, हा प्रश्नच नाही. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायचा हक्कही त्याच कलमात आहे, तिची नेहमीची विश्रांतीची वेळ त्यात धरून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्येही पन्नासचा आकडा आणि चार फेऱ्या कायम आहेत. म्हणजे ही गोष्ट कायद्यात येऊन आठ वर्षांहून जास्त झाली. एवढ्या काळात अशा पाळणाघरातून शाळेत गेलेली पहिली मुलं आता चौथी-पाचवीत असती.

मोजणी चुकते ती आणखी एका जागी. एकाच शेडमध्ये काम करणाऱ्या दीडशे जणांत कंपनीच्या पटावर चाळीस असतात आणि बाकीचे तीन ठेकेदारांच्या नावावर. त्यांची कामाची जागा एक, गेट एक, लाइन एक, कँटीन एक. मूल आजारी पडलं की मात्र ती ठेकेदाराची माणसं होतात, आणि ठेकेदार म्हणतो की माझं ऑफिस दहा बाय दहाचं आहे, पाळणाघर कुठे करू? ठेकेदार बंधूंनो, तुम्हालाही एक गोष्ट मला सांगायची आहे. बाई पोटुशी आहे हे कळलं की सहाव्या-सातव्या महिन्यात तिला "ब्रेक" दिला जातो. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलं असेल तर प्रसूतीचा लाभ द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तो ब्रेक येतो. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या, रोजंदारीच्या बायकांनाही हा लाभ मिळालाच पाहिजे असा निकाल दिला. त्या रस्त्यावर खोदकाम करणाऱ्या बायका होत्या.

खर्चाची चिंता मला कळते. मीही धंदाच करते, भाडं नसलं तरी दूध, गॅस, दोन मावशींचे पगार मला सुटत नाहीत. पण निदान रजेच्या पगाराबाबत एक गैरसमज दूर व्हायला हवा. ज्यांचा पगार महिना एकवीस हजारांपर्यंत आहे आणि ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो, त्यांच्या प्रसूती रजेचे पैसे त्या विम्याचं सरकारी महामंडळ (ईएसआयसी) देतं, कंपनी देत नाही. तुमचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का, तो दर महिन्याला आधीच भरलेला असतो. लाइनवरच्या बहुतेक बायका त्यात बसतात. तेव्हा "सहा महिने बसून पगार द्यावा लागतो" म्हणून लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत परत पाठवू नका. मुलाखतीत "मूल किती वर्षांचं, घरी सांभाळायला कोण?" हा प्रश्न मुलींना विचारता. तोच प्रश्न मुलांना विचारल्याचं एकाही बापाने मला अजून सांगितलेलं नाही.

अंगणवाडी आहे की, असंही मला एकाने सुनावलं. आहे. अंगणवाडीबद्दल मला अतोनात आदर आहे. तो शब्दही बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचा. बोर्डीला १९४५ मध्ये त्यांनी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची हा विचार त्यांनी करून दाखवला. पुढे कोसबाडला तर गुरं राखणाऱ्या पोरांमागे त्या कुरणात गेल्या. देशात २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तोच शब्द उचलला. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि तुमची पहिली पाळी सुटते साडेतीनला. शिवाय सहा-आठ महिन्यांच्या तान्ह्याला ती दिवसभर सांभाळू शकत नाही, अंगणवाडीताईंवर आधीच किती कामं टाकली आहेत ते या गल्लीत रोज दिसतं.

या राज्यात हा विषय नवा नाही, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला, देशात पहिला. तो गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या बायकांसाठी होता. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीचं बोलणं होतं हे, आणि मी आजही गेटवरच्या रजिस्टरबद्दल लिहिते आहे.

जागा नाही हेही कारण मला पटत नाही. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मजूर बायकांची तान्ही मुलं तिथे धुळीत पडलेली बघून मीरा महादेवन यांनी तंबू उभारून पाळणाघर सुरू केलं. तेच काम पुढे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर आलं. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर बायकांपैकीच एकीला ती सांभाळायला ठेवून तिला तीच मजुरी द्या, असं लिहिलेलं होतं. माती उचलण्याच्या कामावर जे करता येईल असं कायद्याला वाटलं, ते वातानुकूलित ऑफिस असलेल्या कंपनीत का होत नाही?

प्रत्येकाने स्वतंत्र पाळणाघर बांधा असं मी म्हणणारही नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक कंपन्यांनी पैसे एकत्र करून सामायिक पाळणाघर चालवायलाही मुभा आहे. ते वसाहतीतच हवं, बायकांना चार फेऱ्या मारता येतील अशा अंतरावर. माझ्या घरापासून सर्वांत जवळची कंपनी अडीच किलोमीटरवर आहे. कागदावर माझं नाव दाखवून तुम्ही "सोय केली" म्हणाल तर ती सोय नव्हे. एका कंपनीच्या माणसाने माझ्याकडे येऊन लेटरहेडवर तसं लिहून मागितलं होतं. मी दिलं नाही.

आता मागण्या. स्पष्ट लिहिते, म्हणजे हो किंवा नाही म्हणणं सोपं जाईल.

ती नोटीस मागे घ्या आणि सह्या घेतलेले कागद बायकांना परत द्या. घरच्या तातडीच्या निरोपासाठी गेटवर एक फोन ठेवा, आणि निरोप आल्यापासून दहा मिनिटांत तो आईला किंवा बापाला मिळेल याची जबाबदारी पाळीच्या अधिकाऱ्यावर नावानिशी द्या.

पाळीचं वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावा. तीन वर्षांखालचं मूल असलेल्या आईने किंवा एकट्या बापाने मागितली तर ठरलेली पाळी द्या.

मुलाच्या आजारपणासाठी आणि लसीकरणासाठी वर्षाला निदान सहा दिवस पगारी रजा असावी, आई-बाप दोघांनाही, आणि त्या दिवसांचा हजेरी बोनस कापू नये. तापाने फणफणलेलं मूल औषध पाजून माझ्या दारात सोडून जायची वेळ कोणावर येऊ नये. त्या एका मुलाचा ताप बाकीच्या बावीस जणांना होतो, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या लाइनवर पाच-सहा खाडे एकदम पडतात, हेही त्यात आहे.

दूध काढायला आणि ठेवायला स्वच्छ, आतून कडी असलेली जागा द्या.

आणि वसाहतीत सकाळी साडेसहा ते रात्री साडेबारापर्यंत चालणारं सामायिक पाळणाघर सुरू करा. त्याची मोजणी गेटमधून आत येणाऱ्या माणसांवर करा, मग ते कंपनीच्या पटावरचे असोत, ठेकेदाराचे किंवा ट्रेनी. एमआयडीसीकडे जागेची मागणी तुम्ही एकत्र केलीत तर तिला वजन येईल, मी एकटीने केली तर येणार नाही. तिथे शिकलेल्या, नीट पगार मिळणाऱ्या बायका ठेवा. मुलांना सांभाळणं हे कुशल काम आहे. आकडी आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा घालायचा नाही हे माहीत असलेलं माणूस तिथे पाहिजे.

असं पाळणाघर निघालं तर माझी बरीच मुलं तिकडे जातील आणि माझं उत्पन्न घटेल. मला ते चालेल. माझ्याकडच्या दोन मावशींना तिथे काम मिळावं एवढं मात्र मी नक्की मागेन, त्यांच्याएवढा अनुभव तुम्हाला बाहेर मिळायचा नाही.

तुमच्यापैकी कोणीही मला भेटायला बोलावलं तर मी वही घेऊन येईन. त्याहून बरं, तुम्हीच या. सोमवारी या, पाळी बदलते त्या दिवशी. सकाळी साडेसहा ते पावणेसात एवढी पंधरा मिनिटं ओट्यावर उभे राहा. बायका गाडीवरून उतरतात, मूल माझ्या हातात देतात, बस चुकेल म्हणून मागे न बघता निघतात, आणि कोपऱ्यावर पोचल्या की एकदा वळून बघतात. रोज बघतात. त्या वळतात तेव्हा मुलाचं तोंड त्यांच्याकडे असावं म्हणून मी त्याला तसं धरून उभी राहते.

आपली,
बजाजनगरमधल्या एका पाळणाघराची चालक